खडशीची मोजणी

नोकरीला लागलो तेव्हा मला नदीतला एकही मासा ओळखता येत नव्हता. मी कोकणातला. आमच्या घरी मासा यायचा तो समुद्राचा, आणि नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून आमच्याकडची माणसं नाक मुरडायची. पुण्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्या काळी सरकारच्या मासळी पाहणाऱ्या खात्यात नव्या जागा निघत होत्या, तिथं चिकटलो. गलबतावर नाहीतर बंदरात नेमणूक होईल असं वाटलं होतं. मिळाली इंद्रायणीवर.

आमचे साहेब पन्नाशीचे होते. लढाई संपल्यावर सरकारनं त्यांना काही महिने विलायतेला पाठवलं होतं. तिथून ते एक ओव्हरकोट आणि एक वेड घेऊन आले. ओव्हरकोट पुण्यात फारसा घालता यायचा नाही. वेड मात्र बारा महिने असायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "तिकडं सामन म्हणून मासा आहे. समुद्रातून नदीत चढतो, उथळ वाहत्या पाण्यात गोट्यांमध्ये अंडी घालतो. त्या गोट्यांना कुणी हात लावला तर गावंच्या गावं भांडायला उठतात. मी डोळ्यांनी बघितलंय, माणसं टोपल्यांनी गोटे परत नदीत टाकत होती. आपल्याकडं खडशी साधारण तशीच. फक्त तिच्याकडं कुणी बघितलेलं नाही. तू बघ."

"म्हणजे काय करू, सर?"

"मोज. कधी येते, किती येतात, कुठं अंडी घालते, पाणी किती गार असतं. तीन हंगाम. आणि ज्या जागी अंडी घालते ती जागा सांभाळ."

खडशी म्हणजे इंग्रजी पुस्तकातला महसीर. तांबूस सोनेरी, खवले रुपयाएवढे, वाढली तर माणसाच्या कमरेपर्यंत येणारी. देहूच्या डोहात त्या वेळी अशा कितीतरी होत्या. लोक पायरीवर बसून त्यांना चुरमुरे घालायचे आणि कुणी त्यांना मारत नसे, कारण ते देवाचे मासे. पण देवाची हद्द डोहापुरती. तीच खडशी चार-पाच मैल खाली आली की जाळ्यात जायची आणि चाकणच्या बाजारात विकायला यायची. मला नेमून दिलेला नदीचा तुकडा हा असा खालच्या अंगाचा होता, मोशीच्या पुढं. एका डोहापासून दुसऱ्या डोहापर्यंत अर्धा मैल, मधे गोट्यांवरून वाहणारा उथळ खळाळ. गावात एक खोली भाड्यानं घेतली. सामान म्हणजे सायकल, उष्णतामापक, रंगाचे पट्टे मारलेला बांबू आणि नोंदवही.

हंगामात खळाळावर मासेमारीला बंदी घातली होती. ती राखायला खात्यानं रोजंदारीवर एक माणूस मंजूर केला होता, आणि तो मी गावातूनच निवडायचा होता. पाटलांनी सांगितलं, नदीचं काम असेल तर भोईवाड्यातल्या अमक्याला घ्या, त्याच्याएवढी नदी कुणाला माहीत नाही. आणि त्याच्याएवढी खडशी कुणी मारलेली नाही, असंही पुढं म्हणाले. मी त्यालाच घेतलं. चोरालाच चावी द्यावी हा शहाणपणा त्यात नव्हता. दुसरं कुणी तयारच झालं नाही.

साठीच्या आसपासचा माणूस. उंच, काटक, पाण्यात उभं राहून पिंढऱ्यांवरची कातडी करडी झालेली. गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. तो मला सायेब म्हणायचा. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सायेब म्हणणारा तो पहिला माणूस.

पहिल्या दिवशी खळाळाच्या काठी उभं राहून मी त्याला काम समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मोजून काय करनार?"

"किती आहेत ते कळेल."

"आन कळून?"

"वाढवायच्या."

"मोजून वाढत न्हाईत सायेब. न मारून वाढत्यात."

"म्हणूनच तुम्हाला नेमलंय."

यावर तो बराच वेळ हसला. मग धोतर खोचून पाण्यात शिरला आणि मला हातानं बोलावलं. त्या दिवशी त्यानं मला दीड तास नदीतून चालवलं. कुठं कातळ आहे, कुठं त्याच्या आड गोटे साठतात, कुठं तळाशी पाणी कसं वळतं. माझे बूट तिथंच गेले.

मोजायचं कसं, हा प्रश्न होता. खडशी पळणारी, सावली पडली तरी डोहात जाते. काठावर एक वाकडा करंज होता. त्याची एक फांदी खळाळावर आडवी गेलेली होती. भाद्रपदात पूर ओसरून पाणी निवळलं की सकाळी दहा ते बारा, ऊन सरळ पाण्यात उतरतं तेव्हा, त्या फांदीवर पालथं पडून बघायचं. वर चढणारा मासा मोजायचा, खाली आलेला वजा करायचा. मी वहीत रेघा मारायचो. मामाला लिहिता येत नव्हतं. त्यानं बंडीच्या डाव्या खिशात चिंचोके भरले. मासा वर गेला की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा, खाली आला की परत डावीकडं. शेवटी आम्ही दोघांचे आकडे ताडून बघायचो. पहिल्या आठवड्यात फरक पडायचा तो माझ्या बाजूनं. मी एकच मासा दोनदा मोजायचो. मामा म्हणायचा, "ही मघाची. हिच्या पाठीवर जाळ्याचा वण हाय." त्याला मासे चेहऱ्यानं ओळखू यायचे, आणि हे मी अहवालात कसं लिहावं ते मला कळत नव्हतं.

अंडी बघायला चाकणच्या बाजारातून एक पेटी करवून आणली. तिथं एक मुसलमान चाचा पत्र्याचे डबे आणि कंदील करायचे. त्यांना मी सांगितलं, तळ काचेचा पाहिजे आणि पाणी आत येता कामा नये. त्यांनी विचारलं, यात ठेवणार काय? काही नाही, यातून बघणार, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. पण पेटी अशी केली की थेंब आत आला नाही. ती पाण्यावर टेकवून तोंड आत घातलं की तळ लख्ख दिसायचा. एके सकाळी कातळाच्या आड, लिंबाएवढ्या गोट्यांच्या फटींत, मला ती अंडी दिसली. पिवळी, हळद लावलेल्या साबुदाण्यासारखी. मामालाही पेटीतून बघायला लावलं. तो उठला तेव्हा त्याच्या कपाळावर पेटीची कड उमटली होती.

"एवढ्या वर्सांत पोटातली बघितली," तो म्हणाला. "खाली ठिवलेली आज बघितली."

त्या दिवसापासून त्याचं काम बदललं असं मी म्हणेन, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. एवढंच दिसलं की तो सांगितल्या वेळेच्या आधी यायला लागला.

पहिला हंगाम असा संपला. थंडीत मी पुण्याच्या कचेरीत बसून तक्ते केले. माघात परत आलो तर खळाळ जवळजवळ नाहीसा झाला होता.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहायला सुरुवात झाली होती. निर्वासितांची वसाहत आधीच बसली होती, तिच्या पलीकडं पाये खणले जात होते. पायाला वाळू लागते. रोज लॉऱ्या येत, उतारावरून सरळ पात्रात शिरत, आणि मजूर फावड्यांनी वाळू, रेव, गोटे सरसकट भरत. मामा काठावर उभा होता. मला बघून म्हणाला, "यास्नी काय म्हनू? बंदी मासा मारायची हाय. गोटे मारायची न्हाई."

मी साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की वाळूचा परवाना महसुलाकडचा असतो, त्यात आपल्याला बोलता येणार नाही. त्याच उत्तराच्या खाली त्यांनी हातानं लिहिलं होतं: माणसाशी बोलून बघ.

तेव्हा मी सायकल घेऊन पिंपरीला ठेकेदाराकडं गेलो. तो मराठवाड्यातून आलेला गृहस्थ होता. तंबूत खुर्ची टाकून बसायचा आणि दिवसभर चहा प्यायचा. मी तयारी करून गेलो होतो. विलायत, सामन, अंडी, सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "मला गोटे नकोच आहेत हो. वाळू पाहिजे. नदीत चाळत बसायला वेळ नाही म्हणून सगळं भरून आणतात आणि इथं चाळतात. ते बघा."

तंबूमागं चाळणीवर राहिलेल्या गोट्यांचा ढीग होता, दोन पुरुष उंच. आमचा खळाळ तिथं पडला होता.

"हा मला अडचण झालाय," ठेकेदार म्हणाला. "नेता का?"

"कशातून नेऊ?"

"लॉऱ्या रिकाम्याच जातात की नदीकडं."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. एक अट त्यानं घातली. त्याला दुसरीकडं तितकीच वाळू दाखवायला हवी. मामानं अर्ध्या मैलाखालचं वळण दाखवलं. तिथं आतल्या अंगाला नुसती वाळू होती, गोटा नाही, आणि लॉरीला उतरायला मुरमाची घट्ट जागा होती. ठेकेदाराचा मुकादम येऊन बघून गेला आणि खूश झाला. कुणाचं काही नुकसान न होता गोष्ट जुळून आली. माझ्या नोकरीत असं फार वेळा झालं नाही.

वैशाखभर लॉऱ्या गोटे आणून काठावर टाकत होत्या. तिथून पात्रात टाकायचं काम भोईवाड्यातल्या बायका-पुरुषांनी घमेल्यांनी केलं. कुठं टाकायचं ते मामा ठरवायचा. मी साहेबांचं पुस्तक उघडून सारखा थर सांगू लागलो तर तो म्हणाला, "सारखा थर पुरात जाईल. कातळाच्या आड घालू. मुठीएवढं खाली, लिंबाएवढं वर." तसं केलं. मोठा पूर आला तेव्हा मी दोन दिवस खोलीत बसून होतो आणि सगळं वाहून गेलं असं धरून चाललो होतो. पाणी उतरल्यावर बघितलं तर निम्म्याहून जास्त गोटे जागेवर होते.

भाद्रपदात खडशी आल्या. आदल्या वर्षीपेक्षा कमी, पण आल्या, आणि टाकलेल्या गोट्यांवरच घुटमळू लागल्या. आम्ही पुन्हा करंजावर पालथे पडलो.

त्याच दिवसांत मामाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुलगा झाला. मामानं मला गूळ आणून दिला. नंतर तीन-चार दिवस तो गप्प होता, चिंचोके हातात घेऊन बसायचा आणि आकडा चुकायचा. मी कारण विचारलं नाही.

एके सकाळी तो करंजापाशी न जाता सरळ माझ्या खोलीवर आला. हातात वडाच्या पानांची पुडी होती. उंबऱ्याबाहेरच बसला.

"सायेब, काल सांजच्याला एक खडशी मारली."

"कुणी?"

"म्या."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कुठं?"

"आपल्या गोट्यांवर. पोरीला पाच दिस दूध न्हाई. प्वार रडून रडून निळं व्हतंय. बाळंतिणीला खडशीचं कालवण दिलं की दूध उतरतं. आमच्यात देत्यात."

"दुसरीकडून आणायची होती, मामा. भामा नदीवरून आणायची."

"ग्येलो व्हतो. दोन दिस. पानी लाल हाय तिकडं, काय घावलं न्हाई." पुढं म्हणाला, "हितं समूर दिसत व्हती. मी उगं खोटं कशाला बोलू?"

मी त्याचा वरिष्ठ होतो आणि त्याच्या मुलीपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. शेवटी मी विचारलं, "दूध आलं का?"

"रातच्याला थोडं आलं म्हनती."

मग त्यानं पुडी पुढं सरकवली. "हे तुमाला. मोजायला."

आत गाभोळी होती, माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी. पुरी, न फुटता काढलेली. मादीच्या पोटात किती अंडी असतात ते खात्याला हवं होतं, आणि बंदी असल्यामुळं आमच्या हाती मादी येणार नाही, हे मी त्याला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं. मासा कापताना बायकोला हात लावू न देता ती त्यानं स्वतः काढली होती.

इथं मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला राग यायला हवा होता, नाहीतर दया यायला हवी होती. दोन्ही नंतर आलं. त्या घटकेला मी पहिल्यांदा तराजू शोधला. गाभोळी तोलली, एक लहान तुकडा कापून त्यातली अंडी सुईनं मोजली, त्रैराशिक मांडलं, उरलेली बाटलीत औषध घालून ठेवली. मामा उंबऱ्याबाहेर बसून बघत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता वहीत लिवा."

"काय लिहू?"

"मारली म्हनून. एक मादी. म्या मारली."

"मामा, लिहिलं तर वर जाईल."

"जाऊंद्या की."

"तुमचं काम जाईल."

"पर न्हाई लिवलं तर तुमचा आकडा खोटा व्हईल. एक कमी भरंल आन कुटं ग्येली ते कळायचं न्हाई."

मी म्हटलं की मेलेली सापडली असं लिहितो. तो उठून उभा राहिला. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. "मेलेली कशी? चांगली जिती व्हती. आन दोन वर्सं तुमी मला काय शिकिवलं मग? दिसंल ते लिवायचं म्हनून सांगितलं का न्हाई?"

मी लिहिलं. एक मादी, रखवालदाराने घरगुती कारणासाठी मारली, गाभोळी तपासणीस मिळाली. मामाला वाचून दाखवलं. 'घरगुती' म्हणजे काय ते त्यानं विचारलं, आणि समजल्यावर मान हलवली. मग आम्ही करंजावर गेलो, कारण दहा वाजले होते.

महिन्याच्या शेवटी मी चिंचवडला गाडी धरून पुण्याला वही घेऊन गेलो. साहेबांनी आधी अंड्यांचा तक्ता बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. इतका स्वच्छ आकडा आपल्याकडं कुणी काढलेला नाही, म्हणाले. मग मादी कुठून मिळाली ते विचारलं. मी पान उलटून दाखवलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तू कशाला लिहिलंस?"

"घडलं म्हणून, सर."

"लिहायची गरज नव्हती. आता लिहिलंस, तर मला काहीतरी करावं लागेल. उद्या हीच वही दुसऱ्या कुणी उघडली तर? राखणदारच मारतो आणि खातं गप्प बसतं?"

"त्यानंच लिहायला लावलं."

"चांगला माणूस दिसतो," साहेब म्हणाले आणि त्याला कमी करण्याचा कागद लिहायला घेतला. तक्ता त्यांनी ठेवून घेतला. तो पुढं छापून आला. त्यात मादी 'प्रस्तुत पाहणीत उपलब्ध झाली' असं लिहिलेलं आहे.

कागद मामाला मीच वाचून दाखवला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं." बंडीच्या खिशातले चिंचोके काढून माझ्या टेबलावर ठेवले. एवढंच. मला वाटलं होतं भांडेल, निदान काही बोलेल. मीच बोललो, की मी साहेबांना सांगून बघितलं. ते खरं नव्हतं. मी एक वाक्य बोललो होतो, त्याला सांगणं म्हणता येणार नाही. मामा म्हणाला, "तुमचा काय दोस न्हाई," आणि गेला. त्याची बायको मात्र पुढं दोन महिने समोरून आली की मान वळवून जायची. मला ते बरं वाटायचं.

उरलेला हंगाम मी एकट्यानं मोजला. माझे आकडे वहीत व्यवस्थित दिसतात, पण त्यांवर माझा स्वतःचा भरवसा नाही. जाळ्याच्या वणाची खडशी परत आली की नाही, हे मला सांगता आलं नसतं. दुसरा राखणदार म्हणून गावातला एक जण घेतला होता. तो सांगितलेल्या वेळी यायचा, सांगितलेल्या वेळी जायचा, आणि त्याच्या राखणीत किती मासे गेले ते मला ठाऊक नाही, कारण त्यानं कधी सांगितलं नाही. दुधाचं म्हणाल तर मामाच्या नातवाचं पोट भरू लागलं होतं, आणि ते त्या कालवणानं की आपोआप, हा तक्ता कुणी केला नाही.

तिसऱ्या वर्षी आधीच्या पुरापेक्षा मोठा पूर आला. आम्ही टाकलेल्या गोट्यांपैकी बरेच गेले. मोठ्या कातळाच्या आडचा एक तुकडा राहिला, आठ-दहा पावलं लांब. पूर ओसरल्यावर मी पेटी घेऊन रोज तोच तुकडा बघायचो. आश्विनाच्या तोंडावर तिथं पिलं दिसली. गव्हाच्या दाण्याएवढी, गोट्यांच्या फटीतून पुढं येत आणि सावली पडली की आत जात. मी पुण्याला तार केली. ती तार करायची बाब नव्हती, आणि त्यावरून पुढं कारकून मला चिडवत असत.

साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः आले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, पेटीत तोंड घालून बराच वेळ वाकून राहिले. इतका वेळ, की मी त्यांच्या दंडाला धरून उभा राहिलो. वर आले तेव्हा म्हणाले, "ही जागा कुणी निवडली? थर सगळीकडं गेला, इथलाच राहिला."

मी म्हटलं, "ज्याला आपण कमी केलं त्यानं."

ते काठावर बसून पाय पुसत राहिले. मग म्हणाले, "आता वर्ष झालं. परत घेतलं तर कुणी विचारणार नाही. विचार त्याला."

मामा तोपर्यंत पिंपरीला लागला होता. जावई तिथंच मजुरीला होता, त्यानं ओळख लावून दिली. मी सायकलवरून गेलो. एका नव्या कारखान्याच्या फाटकावर तो खाकी कपड्यांत उभा होता, डोक्यावर टोपी, हातात काठी, पायांत बूट. मी ओळखलं ते उभं राहण्यावरून. पाण्यात रोवल्यासारखा उभा होता.

"सायेब!" तो म्हणाला, आणि दुसऱ्या माणसाला फाटकावर उभं करून मला समोरच्या निर्वासिताच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. मी पिलांचं सांगितलं. त्यानं खोदून खोदून विचारलं. केवढी, कुठल्या अंगाला, कातळाच्या वर का खाली. बोटानं टेबलावर सांडलेल्या चहात खळाळाचा आकार काढून दाखवला आणि पुढच्या वर्षी गोटे कुठं टाकायचे ते सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मग साहेबांचा निरोप सांगितला.

त्यानं बूट काढून पाय चोळला, पुन्हा घातला. "हितं बारमाही हाय," तो म्हणाला. "तुमच्याकडं चार म्हैनं. पोरगी आन नातू आमच्याकडंच असत्यात आता. आन कंपनी खोली देनार म्हनत्यात."

"नदी आवडत नाही का आता?"

हा प्रश्न विचारायला नको होता. तो माझ्यावर रागावला नाही. "आवडायचं काय त्यात," तो म्हणाला. "आमी काय आवडती म्हनून ऱ्हात व्हतो व्हय तिथं?"

भोंगा झाला. शिफ्ट बदलायची वेळ होती. त्यानं टोपी सारखी केली, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि रस्ता ओलांडून फाटकाकडं गेला. माणसांचा लोंढा आत-बाहेर करत होता. काठी आडवी धरून तो एकेकाला आत सोडत होता, ओळखीच्या माणसाला मान डोलवत, अनोळखी दिसला की थांबवून विचारत.

मी साहेबांना कळवलं की माणूस तयार नाही. त्यांनी बरं म्हटलं. पाहणीचे तीन हंगाम संपले, मुदत वाढवून मिळाली नाही, आणि पुढच्या वर्षी माझी बदली रत्नागिरीला झाली. मला हवी होती तशी, समुद्रावर.